आडवी चाचणी

मामाच्या नावावर दोन शिक्के पडले होते आणि दोन्ही भाचीच्या हातचे होते. शिक्का रबराचा, शाई जांभळी, त्यावर एकच शब्द: ‘मंद’. एका तिमाहीत तिसरा शिक्का पडला की ऑपरेटरला यंत्रावरून काढून पॅकिंगच्या खोलीत बसवायचं, असा नवा नियम निघाला होता. पॅकिंगचं काम म्हणजे रीळ खोक्यात घालायचं आणि खोकं चिकटवायचं. मामाने दोन नंबरच्या यंत्रावर बावीस वर्षं काढली होती. यंत्र आजारी पडणार हे त्याला आवाजावरून दोन दिवस आधी कळायचं. तो स्वतः आजारी पडणार हे मात्र मामीलाच कळायचं. तिमाही संपायला पाच आठवडे उरले होते.

त्या कारखान्यात खोकी बांधायची प्लास्टिकची पट्टी तयार होई. कृती ऐकायला सोपी होती. प्लास्टिकच्या दाण्यांत थोडी माती मिसळायची, ते वितळवून लांब पट्टा काढायचा, पाण्यात गार करायचा, मग गरम ओव्हनमधून नेताना मागचे रोलर हळू आणि पुढचे जोरात फिरवून एका मीटरचे आठ मीटर होईपर्यंत ताणायचा. ताणलं की आतल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या, ज्या एरवी विस्कटलेल्या लोकरीसारख्या पडून असतात, त्या मुकाट्याने एका दिशेला रांग धरतात आणि पट्टीला बळ येतं. माती म्हणजे कुंडीतली नव्हे. तिचे पापुद्रे इतके पातळ की माणसाच्या केसाच्या जाडीत हजारो बसावेत. ते नीट सुटे झाले आणि साखळ्यांच्याच दिशेने पहुडले, तर पट्टी आणखी ताठ होते. म्हणून तिला ‘नॅनो’ म्हणायचं. हा शब्द खोक्यावर चार ठिकाणी छापला होता, त्यात एके ठिकाणी इतका मोठा की पट्टीची लांबी-रुंदी छापायला जागा राहिली नव्हती.

भाची या कारखान्यात आठ महिन्यांपूर्वी लागली. पदार्थविज्ञानाची पदवी ताजी होती, राहायला मामाचं घर होतं, आणि चाचणी विभागात जागा आहे ही बातमीही मामानेच आणली होती. पहिल्या दिवशी त्याने तिला सगळीकडे फिरवून “ही माझी भाची” एवढंच सांगितलं. त्या दिवसापासून ती फाटकापासून कँटीनपर्यंत सगळ्यांचीच भाची झाली. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं.

तिच्या टेबलावर एक डबीएवढं यंत्र होतं. ते पट्टीवर प्रकाश टाकी आणि किती परत आला ते आकड्यात सांगे. सत्तर किंवा त्याहून वर आकडा आला तर शिक्का ‘मोतिया’, खाली आला तर ‘मंद’. प्रत्येक यंत्राचं एक रीळ दहा-बारा दिवसांनी नमुन्याला येई, आणि ते मंद निघालं तर पुढच्या नमुन्यापर्यंतचा सगळा माल दुय्यम ठरे आणि पडत्या भावात जाई.

ही मोतियाची भानगड एका वर्षापूर्वी सुरू झाली. एका पाळीत चुकून ओव्हन थंड राहिला आणि पट्टी पांढरीशुभ्र, रेशमासारखी चमकत बाहेर आली. सगळ्यांनी ती टाकाऊच धरली होती. पण त्याच दिवशी माल बघायला आलेला एक व्यापारी म्हणून गेला, “अरे वा, मोत्यासारखी दिसते.” हे वाक्य विक्रीप्रमुखांच्या कानावर पडलं. त्यांना कारखान्यात झगमग साहेब म्हणत, कारण त्यांचे बूट, कपाळ आणि अहवाल तिन्ही सारखेच चकचकीत असत. आठवड्यात खोक्याचा रंग बदलला. दोन आठवड्यांत डॉक्टरांनी कारण शोधलं.

डॉक्टर म्हणजे ताप उतरवणारे नव्हेत. पॉलिमरमध्ये पदवी घेतलेले कारखान्याचे मुख्य संशोधक. माणूस वाईट नव्हता. त्यांना प्रश्न आवडत, फक्त उत्तर आधी सुचलेलं असे. त्यांनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं की नॅनो पापुद्रे रांगेत लागले की लहान लहान आरशांसारखे प्रकाश परतवतात. तेव्हा चमक जितकी जास्त, तितकी आतली रचना शिस्तीची. सगळ्यांनी मान डोलावली. शिस्त म्हटलं की त्या कारखान्यात मान डोलवायची पद्धत होती. ओव्हन बारा अंशांनी उतरवायचा आणि पट्टी आठपट ताणायची असं कार्ड छापून प्रत्येक यंत्रावर लावलं गेलं. शेवटी चमक मोजायचं यंत्र आलं आणि त्या यंत्राला पोसायला शिक्का आला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं झालं.

दुसरा शिक्का पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामीने भाचीपुढे चहाचा कप जरा आवाज करूनच ठेवला.

“खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ बघितले,” ती म्हणाली. “वाशांवर शिक्का मारणारी तूच पहिली.”

“मामी, आकडा बावन्न आला तर मी सत्तर कसा लिहू?”

“पेनाने.”

“तिला बोलू नकोस,” मामा बुटाची नाडी बांधत म्हणाला. “तिला चमक मोजायला ठेवलीय, ती चमक मोजते. उद्या डोक्यावरचे केस मोजायला ठेवलं तर माझा तिसरा शिक्का त्याच दिवशी पडेल.”

“मग तू थोडी चमकव ना पट्टी,” भाची म्हणाली. “एक नंबर आणि तीन नंबरवाले चमकवतातच ना. कार्डावरचं तापमान ठेवायचं, एवढंच तर आहे.”

“कार्ड ओव्हनच्या मागे पडलंय.”

“कधी?”

“लावलं त्याच दिवशी.”

मामी म्हणाली, “ऐकलंस? असा हा शहाणा. पॅकिंगमध्ये बसवलं की दिवसभर खोक्यांना समजावत बसेल.” मग ती आत गेली आणि बराच वेळ भांडी जागच्या जागी हलवत राहिली. मामीला पॅकिंगची खोली माहीत होती. तिच्या भावाला तिथे बसवलं होतं, तेव्हापासून तो घरात कोणाशी यंत्राबद्दल बोलला नव्हता.

त्याच दिवशी दुपारी परत आलेल्या मालाचं एक पार्सल भाचीच्या टेबलावर आलं. महिन्यातलं चौथं. आत मोतिया पट्टीचा हातभर तुकडा होता आणि एक वैतागलेली चिठ्ठी: खोकं उतरवताना पट्टी सुटली. तुकडा तुटला नव्हता. तो लांबीच्या दिशेने उभा चिरत जाऊन त्याचे तीन दोर झाले होते.

परत आलेल्या मालाची तपासणी कशी करायची हे तिला आधीच्या माणसाने शिकवलं होतं आणि त्याला त्याच्या आधीच्याने. तुकडा खेचायच्या यंत्राच्या दोन जबड्यांत उभा धरायचा, तुटेपर्यंत ओढायचा, आकडा लिहायचा. पट्टी चिरलेली असेल तर सगळे दोर गोळा करून एकत्र धरायचे. तिने तीन दोर वेणी घालायला घ्यावेत तसे धरले, जबडे आवळले, बटण दाबलं. आकडा हवा त्यापेक्षा जास्तच आला. मग छापील उत्तर: “आमच्या तपासणीत सदर पट्टी पूर्णपणे उत्तीर्ण झाली असून वापरात काही चूक झाली असावी.” फक्त तारीख घालायची होती. अशी अकरा उत्तरं तिने आजवर पाठवली होती.

तारीख घालता घालता तिचं पेन थांबलं. फाटलेली वस्तू फाटलेल्या अवस्थेत यंत्राला देऊन, ती फाटलेली नाही असं तिने अकरा लोकांना लेखी कळवलं होतं. आधी तिला हसू आलं. मग तिला आठवलं की पदवीच्या परीक्षेत ‘दिशेनुसार बदलणारे गुणधर्म’ या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण होते, आणि हसू गेलं.

तेवढ्यात दारात हातगाडीचं चाक वाजलं. शेजारच्या गोदामाचा मालक दर बुधवारी दुय्यम रिळं न्यायला येई.

“भाची, मंद आहे का?”

“आहे. मामाचीच आहे सगळी.” तिने विचारलं, “तुम्ही नेहमी मंदच का नेता हो? स्वस्त म्हणून?”

“स्वस्त म्हणून असं तुमच्या साहेबांना सांगायचं असतं.” गोदामवाल्याने दाराकडे एकदा पाहिलं, टेबलावरचा मोतियाचा एक कोरा तुकडा उचलला आणि टोकाला अंगठ्याचं नख लावलं. नख आत गेलं. त्याने दोन्ही बाजू धरून ओढल्या आणि पट्टी शेंगेसारखी उकलत खालपर्यंत गेली. “ही शेंग आहे, पट्टी नाही. सरळ ओढा, हत्ती बांधा. पण क्लिपचा दात चावला किंवा खोक्याच्या कोपऱ्यावर वळली, की झालं.” मग त्याने मामाच्या रिळाचं टोक घेतलं. नख घासलं, पांढरी रेघ उठली, पट्टी तशीच राहिली. “आणि हिच्यापायी माझं नख गेलं समजा.”

“मग हे तुम्ही आत कोणाला सांगितलं का नाही?”

“सांगितलं तर ती महाग होईल. मला काय दुधखुळा समजतेस?”

तो रिळं घेऊन गेला. भाचीने टेबलावरचे आठ कोरे तुकडे घेतले आणि सगळ्यांना नख लावून पाहिलं. मग ती खाली यंत्रांच्या हॉलमध्ये गेली.

मामा ओव्हनच्या तोंडाशी उभा होता. बाहेर येणारी पट्टी तो दोन बोटांत धरून सोडे, पुन्हा धरे. ओव्हनचा आकडा एकशे तीस दाखवत होता. कार्डावर एकशे अठरा होता.

“मामा, खरं सांग. तू काय वेगळं करतोस?”

“आता आठवलं विचारायला?” तो म्हणाला, पण त्याला बरं वाटलं हे दिसत होतं. “ही माती मोठी लबाड. हवेतली ओल पिऊन बसते. मी दाणे दोन तास जास्त वाळवतो. नाही वाळवले तर ती सुटत नाही, ढेकळं राहतात. आता ढेकूळ काही ताणलं जात नाही. भोवतीचं प्लास्टिक पुढे जातं, ढेकूळ मागे राहतं. मग मध्ये काय उरतं?”

“पोकळी.”

“हां. ताणाच्या दिशेला लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. ओव्हन थंड असला आणि ओढण्याची घाई केली तर अशा पोकळ्या फार. गरम ठेवला, आठाच्या जागी सातपटच ओढलं, तर प्लास्टिक वेळेवर मागे येतं आणि ढेकळाला धरून राहतं.”

भाचीला फेस आठवला. पाण्याच्या फेसाला रंग नसतो तरी तो पांढरा दिसतो, कारण आत हवेचे असंख्य बुडबुडे असतात आणि प्रत्येक बुडबुडा प्रकाश विखुरतो. मोतियाची चमक तीच होती. आरसे नव्हते, शिस्त नव्हती. भोकं होती.

“म्हणजे वर्षभर आम्ही भोकं मोजतोय,” ती म्हणाली. “आणि ज्याची भोकं कमी, त्याला शिक्का.”

“तुम्ही काय मोजता ते मला कुठे माहीत. मला कोणी विचारलं नाही.”

“तू होऊन सांगायचंस.”

“गेलो होतो की. पहिल्याच आठवड्यात. डॉक्टरांनी तासभर मलाच समजावलं.” मामाने पट्टी पुन्हा बोटांत धरली. “चहा चांगला होता.”

“आणि तरी तू ओव्हन खाली आणत नाहीस. तिसरा शिक्का माहीत असून.”

“खाली आणतो, मग पट्टी फाटते, मग ती मी काढलेली असते,” मामा म्हणाला. “तू जा वर. इथे उभं राहायला परवानगी लागते.”

पुढचे नऊ दिवस भाचीने जेवणाच्या सुट्टीत एकच उद्योग केला. पट्टी आडवी खेचायची. यात अडचण अशी की पट्टी बोटभर रुंद आणि यंत्राचे जबडे तळहाताएवढे. जबड्यांनी धरायलाच सगळी पट्टी संपे. कारखाना उभा राहिल्यापासून आडवी चाचणी कोणी केली नव्हती, त्याचं एवढंच कारण. मानकात ती मागितलेली नव्हती, आणि मानकात नसलेल्या कामासाठी जबडे कोण करणार. गोंदाने तिने पट्टीच्या कडा पत्र्याला चिकटवून पाहिल्या, पण त्या प्लास्टिकला गोंद धरेना. शेवटी तिने फिटरला गळ घातली. त्याने करवतीच्या मोडक्या पात्यांपासून दातेरी कडांचे दोन चिमटे करून दिले आणि वर विचारलं, “मामासाठी का?”

“पट्टीसाठी.”

“बरं, पट्टीसाठी,” तो म्हणाला. “तुझी पट्टी दोन नंबरच्या यंत्रावर उभी असते ना, टक्कल असलेली?”

आकडे आले. उभं ओढलं तर मोतिया पट्टी मामाच्या पट्टीपेक्षा शेकडा आठने पुढे. आडवं ओढलं तर मामाची पट्टी मोतियाच्या पाचपट. वजन आणि आकारमान काढल्यावर आणखी एक गंमत समजली: मोतिया पट्टीच्या दहा भागांत एक भाग हवा होती. कारखाना प्रत्येक खोक्यातून दहावा हिस्सा हवा पाठवत होता आणि त्याची स्वतंत्र जाहिरात करत होता. तिने एका मोतिया तुकड्याचं टोक मार्करच्या निळ्या शाईत उभं केलं. जेवणाचा डबा संपेपर्यंत शाई दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी बोटभर वर गेली होती. मामाच्या तुकड्यात ती जिथल्या तिथे होती.

दहाव्या दिवशी मामाचं रीळ नमुन्याला आलं. यंत्राने आकडा दाखवला: एकावन्न.

तिने नोंदवहीत एकावन्न लिहिलं. खोटा आकडा तिला लिहायचा नव्हता आणि शिक्काही मारायचा नव्हता, आणि या दोहोंच्या मधली जागा नोंदवहीत छापलेली नव्हती. तिने शिक्क्याचा चौकोन कोरा सोडला, रीळ काखेत मारलं, आकड्यांचा कागद, शाईचे तुकडे आणि चिमटे घेतले आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली. झगमग साहेब तिथे आधीच खुर्चीत बसले होते. पुढच्या वर्षीच्या खोक्यासाठी ‘महामोतिया’ हे नाव चालेल का, यावर बोलणं चाललं होतं.

“काय गं भाची, रीळ का आणलंस वर?” डॉक्टरांनी विचारलं.

“याच्यावर शिक्का मारायचा आहे, सर. त्याआधी तुम्ही हे बघा.”

डॉक्टरांनी कागद पाहिला. “आडवी चाचणी? ती मानकात नाही.”

“हो सर. पण खोक्याच्या कोपऱ्याने मानक वाचलेलं नाही.”

झगमग साहेब हसले. “पट्टी आडवी ओढायला ग्राहकाला सांगितलंय कोणी? आपण खोक्यावर बाण छापू. असा.” त्यांनी बोटाने हवेत बाण काढला.

“महिन्यात चार पार्सलं परत आली,” भाची म्हणाली. “सगळी मोतिया. सगळी उभी चिरलेली. दोन नंबरच्या यंत्राच्या मालाची वर्षभरात एकही तक्रार नाही.”

“तो दुय्यम माल आहे. दुय्यम घेणारा तक्रार कशाला करेल?”

“सर, मी बोलत नाही. तुम्ही फक्त नख लावा.” तिने एक मोतिया तुकडा डॉक्टरांपुढे ठेवला.

डॉक्टरांनी जराशा नाराजीनेच अंगठा लावला. नख आत गेलं. त्यांनी दोन्ही बाजू धरल्या आणि ओढल्या, आणि पट्टी न कुरकुरता त्यांच्या दोन हातांत वाटली गेली. त्यांनी दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. मग मामाच्या रिळाचं टोक ओढून त्याला नख लावलं, मग दात लावला. मग ते शाईचे तुकडे खिडकीपाशी घेऊन गेले आणि उजेडात धरून इतका वेळ पाहत राहिले की झगमग साहेबांनी दोनदा घसा खाकरला. त्या दोन-तीन मिनिटांत डॉक्टर पदवी मिळायच्या आधी कसे असतील ते भाचीला दिसलं.

“पोकळ्या,” ते स्वतःशीच म्हणाले. “ढेकळाच्या दोन्ही टोकांना. ताणाच्या दिशेने जोडल्या जातात. अर्थातच.”

मग ते वळले आणि पुन्हा मुख्य संशोधक झाले.

“हे माझ्या प्रबंधात आहेच,” ते म्हणाले.

कपाटातून जाडजूड प्रबंध निघाला. पाचवं प्रकरण उघडलं. त्याच्या शेवटच्या पानावर शेवटची ओळ अशी होती: ‘आडव्या दिशेतील गुणधर्मांचा अभ्यास पुढे करता येईल.’ डॉक्टरांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि भाचीकडे, ती वेळेवर जन्मली नाही म्हणून माफ केल्यासारखं पाहिलं.

“हे बाजारात न्यायचं तर नाव लागेल,” झगमग साहेब म्हणाले. हा माणूस पडला तरी पायांवर पडे. “‘मंद’ म्हणून काही विकता येणार नाही. ‘सौम्य’ म्हणू. सौम्य श्रेणी. डोळ्यांना त्रास नाही. चमकतात ती साधी लोकं, असं काहीतरी.”

“आणि मामा?” भाचीने विचारलं. “त्याची बदली?”

“ऑपरेटरचा प्रश्न वेगळा आहे,” डॉक्टर म्हणाले. “शिक्का मारला नाहीस तरी आकडा एकावन्नच आहे, बदली ठरलीच. शिवाय त्याने कार्ड पाळलं नाही ही गोष्ट राहतेच ना. बघू. पत्र निघेल.”

पत्र निघायला आठवडा लागला. तेवढ्या वेळात नवा नियम मात्र निघाला: यंत्राने पंचावन्नच्या खाली आकडा दाखवला तर शिक्का ‘सौम्य’, वर दाखवला तर ‘दोषयुक्त’. भाची सांगत राहिली की चमक मोजून आतलं काही कळत नाही, आडवी चाचणीच ठेवा. तिला सांगण्यात आलं की त्यासाठी रीतसर जबडे लागतील, प्रस्ताव द्यावा. एक नंबरच्या यंत्राने तर चौथ्या दिवशीच उपाय शोधला. ओव्हन होता तिथेच ठेवला आणि शेवटच्या रोलरला खरखरीत कागद घासला. पट्टी वरून ओरखडलेली, आतून तीच शेंग, आकडा अठ्ठेचाळीस. नियमाप्रमाणे ती सौम्य होती. भाचीने तिला नख लावलं, उकलून दोन भाग केले आणि दोन्ही भागांवर ‘दोषयुक्त’ मारून ते डॉक्टरांच्या टपालात ठेवून दिले.

मामाचं पत्र कार्यालयाच्या कारकुनाने आणलं, यंत्रापाशीच. भाची त्याच्याबरोबर खाली आली होती. मामाने चष्मा लावला आणि ओव्हनच्या आवाजात मोठ्याने वाचलं.

“‘सदर ऑपरेटरच्या कामात गंभीर त्रुटी आढळल्या होत्या. मुख्य संशोधकांच्या मार्गदर्शनाखाली सौम्य श्रेणीचं प्रशिक्षण घेऊन त्याने समाधानकारक सुधारणा केली आहे. सबब त्याची पॅकिंग विभागातील बदली रद्द करण्यात येत आहे.’” त्याने चष्म्यावरून पाहिलं. “सुधारलो म्हणे मी. तुझ्या मामीला सांगायला हवं.”

“सही करू नकोस,” भाची म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच चढलेला ऐकू आला. “तू कोणाकडून काही शिकलेला नाहीस. सगळं तुझं होतं. ते तुझंच चोरताहेत आणि वर तुझीच सही मागताहेत.”

“सही झाली तरच बदली रद्द होते,” कारकून म्हणाला. “मी फक्त कागद फिरवतो, मामा.”

मामा पुढे वाचत होता. “हा आकडा कोणी घातला? ‘यापुढे ओव्हनचं तापमान एकशे चोवीस ठेवण्याचं त्याने मान्य केलं आहे.’”

“डॉक्टरांनी,” कारकून म्हणाला. “कार्डावर एकशे अठरा होतं, तुम्ही एकशे तीस ठेवता. त्यांनी मधला काढला. दोघांचंही समाधान.”

“ओव्हनला समाधान नसतं,” मामा म्हणाला. त्याने पत्राची नीट घडी घातली आणि कारकुनाच्या खिशात परत ठेवली. “डॉक्टरांना म्हणावं, सुधारलो हे मला मंजूर आहे. गंभीर त्रुटीही मंजूर. आकडा मंजूर नाही. त्यांना खाली पाठव.”

“डॉक्टर खाली?”

“जिना दोघांना चालतो.”

कारकून गेला. भाचीला वाटलं, आता संपलं. बावीस वर्षं, पॅकिंगची खोली, मामीचा गप्प भाऊ, सगळं तिला एकदम दिसलं. ती म्हणाली, “मामा, निदान सही तरी केली असतीस. नंतर तापमान काय ठेवतोस ते बघायला कोण येणार आहे?”

“आत्ता तर म्हणालीस सही करू नकोस.”

“ते अपमानाबद्दल होतं.”

“अपमान कागदावर आहे, तो कपाटात जाईल,” मामा म्हणाला. “आकडा यंत्रावर लागेल. मी दोन वर्षांनी घरी बसेन, मग जो येईल तो कार्डच वाचेल.”

डॉक्टर आले. त्यांना या हॉलमध्ये येऊन किती दिवस झाले होते कोण जाणे. टोपी कुठून घ्यायची हे त्यांना माहीत नव्हतं, ती भाचीने आणून दिली. मामाने ओव्हन एकशे चोवीसवर आणला, थांबला, आणि बाहेर येणारी पट्टी कापून डॉक्टरांच्या हातात दिली. ती दुधासारखी होती. डॉक्टरांनी नख लावलं. पट्टी उकलली, मोतियाइतकी सहज नाही, पण उकलली. मामाने ओव्हन एकशे तीसवर नेला. पुन्हा थांबला. दुसरा तुकडा दिला. डॉक्टरांनी नख लावलं, दोनदा, जोर करून, आणि मग हात झटकून अंगठ्याकडे बघितलं.

“एकशे तीसच्या वर नेलं तर?” त्यांनी विचारलं. तो खरा प्रश्न होता. उत्तर आधी सुचलेलं नव्हतं.

“तर साखळ्या रांग सोडतात. मऊ पडते. एकशे पस्तीसला उभीही तुटते. दाखवू?”

“दाखवा.”

मामाने दाखवलं. कारकून, फिटर आणि एक नंबरचा ऑपरेटर असे तिघे आपापलं काम सोडून बघत होते. झालं तेव्हा डॉक्टरांनी कारकुनाच्या खिशातलं पत्र काढलं, एकशे चोवीस खोडून त्याच्यावर एकशे तीस लिहिलं आणि बाजूला सही केली.

“प्रबंधात मी साधारण हेच...” ते म्हणायला लागले, आणि मामाच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी पेन टोपणात घातलं.

गंभीर त्रुटींची ओळ, प्रशिक्षणाची ओळ आणि सुधारणेची ओळ तशीच राहिली. त्या खोडायचं कोणाला सुचलं नाही. भाचीला सुचलं होतं, ती तोंड उघडणार होती. पण मामाने तेवढ्यात यंत्राच्या झाकणावर पत्र ठेवून सही केलीही होती, मोठी, गोल, शाळकरी मुलासारखी. त्याने कागद कारकुनाला दिला आणि रोलरकडे वळला.

“साहेब, जरा बाजूला व्हा,” तो डॉक्टरांना म्हणाला. “रीळ उतरवायचं आहे.”

डॉक्टर बाजूला झाले.